नाशिकहून मोंबासाला गेलेला रविवार

21 एप्रिल 1863 रोजी भोर घाटातल्या रेल्वेमार्गाचं उद्घाटन झालं. कोकणपट्टीतून खंडाळ्याकडे अठराशे फुटांहून अधिक चढणारा, पंचवीस बोगद्यांचा हा मार्ग पुरा व्हायला सात वर्षं लागली होती आणि काम ऐन भरात असताना चाळीस हजारांवर मजूर त्यावर राबत होते. समारंभाचे मुख्य पाहुणे होते मुंबई इलाख्याचे गव्हर्नर सर बार्टल फ्रीअर. पूर्वी साताऱ्याला रेसिडेंट राहिलेला हा माणूस घाटमाथ्याला नवखा नव्हता. आज खंडाळ्यात त्याचं नाव कुणी काढत नाही. मुंबईतला फ्रीअर रोड केव्हाच पी. डिमेलो रोड झाला. कराचीत मात्र फ्रीअर हॉल उभा आहे, आणि आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावर, मोंबासा बेटाच्या समोर, त्याच्या नावाची एक अख्खी वस्ती आहे: फ्रीअरटाउन. ही वस्ती उभी करायला जी कुटुंबं गेली त्यांतली बरीचशी आपल्या नाशिकहून गेली होती.

‘आफ्रिकेतलं मिशनरी कुटुंब’ म्हटलं की डोळ्यांपुढे एक ठरलेलं चित्र येतं. उन्हाची टोपी घातलेला गोरा पाद्री, बाजाच्या पेटीशी बसलेली मडमीण, झालरीच्या फ्रॉकमधल्या दोन मुली, आणि समोर जमिनीवर बसलेले ऐकणारे काळे लोक. हे चित्र अगदीच खोटं नाही. पण ते टिकलं याचं एक कारण असं की त्या गोऱ्या कुटुंबांची पत्रं लंडनला पोचत, छापली जात आणि तिकडच्या घराघरांत वाचली जात. नाशिकहून गेलेल्या कुटुंबांच्या वाट्याला ते आलं नाही. त्यांच्यातले जे मिशनरी-प्रवासी डेव्हिड लिव्हिंग्स्टनच्या प्रवासात सामील झाले, तेवढे इतिहासात ‘नासिक बॉइज’ म्हणून उरले. डोक्यावर गाठोडी, खांद्यावर बंदूक, कायम वाटेवर असलेली ‘पोरं’. प्रत्यक्षात त्यांच्या बरोबरीच्या अनेकांनी आयुष्य काढलं ते एका जागी राहून: शाळा चालवत, उपासना घेत, लेकरांना वाढवत.

ही माणसं नाशिकला आली कशी? एकोणिसाव्या शतकात पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून गुलामांनी भरलेली गलबतं अरबस्तानाकडे आणि इराणच्या आखाताकडे जात. ब्रिटिश आरमार त्यांतली काही पकडे. सुटका झालेल्यांत लहान मुलं पुष्कळ असत. त्यांना परत कुठे पाठवायचं हा प्रश्नच होता, कारण गावं लुटलेली, जाळलेली. मुलांना स्वतःच्या गावाचं नावही धड सांगता येत नसे, आणि किनाऱ्यावर उतरवलं तर पुन्हा पकडले जाण्याची भीती. मग काहींना एडनला उतरवलं जाई, काहींना मुंबईला. मुंबईत आलेल्यांपैकी काही मुलं चर्च मिशनरी सोसायटीच्या ताब्यात दिली जात आणि त्यांची रवानगी नाशिकबाहेरच्या शरणपूरला होई. विल्यम सॉल्टर प्राइस या मिशनऱ्याने 1850च्या दशकात वसवलेली ही ख्रिस्ती वस्ती. आज शरणपूर रोड म्हणजे नाशिकमधला दुकानांचा, दवाखान्यांचा गजबजलेला रस्ता. तिथे खरेदीला येणाऱ्या किती जणांना हे आफ्रिकी प्रकरण ठाऊक असेल, कोण जाणे.

शरणपुरात मुलांना लिहाय-वाचायला शिकवत, सुतारकाम-लोहारकाम शिकवत, आणि बाप्तिस्म्याबरोबर नवं नाव देत. चेंगविंबे नावाचा याओ जमातीचा मुलगा मॅथ्यू वेलिंग्टन झाला. कुणी जेकब वेनराइट, कुणी विल्यम जोन्स, कुणी इश्माएल सेमलर, कुणी जॉर्ज डेव्हिड. शरणपुराबाहेर पाऊल टाकलं की बाजार मराठी, गोदाकाठ मराठी. आत इंग्रजी धडे आणि हिंदुस्थानी बोली. जिथून आले तिथली बोली हळूहळू मागे पडणारच. एवढ्या उलथापालथीत आठवड्याचा एक दिवस तेवढा पक्का होता. रविवारी काम बंद, अंघोळ, धुतलेले कपडे, सकाळची उपासना, दुपारी शब्बाथशाळा, संध्याकाळी पुन्हा उपासना. बायबलमधली वचनं आणि दहा आज्ञा पाठ करायच्या. कंटाळवाणं वाटेल, पण ज्या मुलाचं घर, नाव, भाषा एकापाठोपाठ एक हातची गेली, त्याला दर आठवड्याला त्याच वेळी, त्याच क्रमाने घडणारी एखादी गोष्ट मिळणं लहान नव्हे.

याच नाशिक मिशनमधल्या एका गोऱ्या कुटुंबाची गोष्ट याच्या शेजारी ठेवून पाहावी. चार्ल्स फरार हे तिथले सुरुवातीच्या काळातले मिशनरी. त्यांचा मुलगा फ्रेडरिक 1831 मध्ये मुंबईच्या कोटात जन्मला आणि तीन वर्षांचा झाला तसा भावासोबत इंग्लंडला, दोन अविवाहित मावश्या-आत्यांकडे पाठवला गेला. हिंदुस्थानातल्या बहुतेक मिशनरी घरांत हेच चाले: हवा सोसत नाही, शाळा नाहीत, म्हणून मुलं समुद्रापार. आईबाप इथे दुसऱ्यांच्या मुलांना शब्बाथशाळेत गाणी शिकवत आणि स्वतःची मुलं पत्रातून वाढत. हा फ्रेडरिक फरार पुढे इंग्लंडमधला नामांकित धर्मोपदेशक झाला. 1858 मध्ये त्याने ‘एरिक’ ही शाळकरी मुलाची कादंबरी लिहिली, तिचा नायक आईवडील हिंदुस्थानात असल्यामुळे इंग्लंडमध्ये नातेवाइकांकडे राहणारा मुलगा आहे. आणि शरणपूरच्या आफ्रिकी मुलांत एकाचं नाव होतं कॅरस फरार. एका फरारला नाशिकच्या मिशनमुळे घरापासून दूर जावं लागलं, दुसऱ्याला घर गमावल्यावर नाशिकच्या मिशनमध्ये फरार हे नाव मिळालं.

आफ्रिकेत मुलांना जवळ ठेवणारे मिशनरीही होते. त्यांच्यात सर्वांत प्रसिद्ध अर्थात लिव्हिंग्स्टन. प्रवासी म्हणून गाजण्यापूर्वी हा माणूस आजच्या बोट्स्वानातल्या कोलोबेंगला संसार मांडून होता. बायको मेरी ही कुरुमानचे मिशनरी रॉबर्ट मॉफट यांची मुलगी, आफ्रिकेतच जन्मलेली. कोलोबेंगच्या दिनक्रमाचं वर्णन लिव्हिंग्स्टनने स्वतः केलं आहे. पहाटे उठणं, सहा ते सातच्या दरम्यान घरची प्रार्थना आणि न्याहारी, मग अकरापर्यंत बायका-पुरुष-मुलं सर्वांची शाळा. नंतर तो लोहार, सुतार, माळी होई. मेरी घरातलं पाही. दुपारच्या विश्रांतीनंतर मेरीची बालशाळा भरे. साठ ते शंभर पोरं जमत, आणि मुलांना ती मनापासून आवडे. साबण झाडाच्या राखेपासून घरी करायचा, मेणबत्त्या चरबीच्या घरी ओतायच्या, पाव भाजायला प्रसंगी वारुळ पोखरून भट्टी करायची. संध्याकाळी गाईंच्या धारा निघाल्या की आठवड्यातून तीनदा सभा.

रविवार त्यात वेगळा उठून दिसावा म्हणून काय होतं? पाऊस नसलेल्या त्या वर्षांत फारसं काही नाही. बक्वेना लोकांचा प्रमुख सेचेले हा लिव्हिंग्स्टनचा आवडता शिष्य. लोक उपासनेला येत नाहीत म्हणून तो खंतावे. त्याने लिव्हिंग्स्टनपुढे सरळ तोडगा ठेवला होता: आपल्या माणसांना गेंड्याच्या कातड्याच्या चाबकानेच समज येते, हुकूम द्या, सगळ्यांना एकदम ख्रिस्ती करून टाकतो! लिव्हिंग्स्टनने नकार दिला. सेचेलेचा बाप्तिस्मा 1848 मध्ये झाला. त्याने स्वतःच्या घरी प्रार्थनाही सुरू केली, पण शिकारीची हाक दिली की धावत येणारी माणसं प्रार्थनेच्या हाकेला येईनात.

कोलोबेंगच्या आठवणी लिहिताना लिव्हिंग्स्टनने एक खंत नोंदवली आहे. संध्याकाळी आपण इतके थकून जात असू की मुलांशी खेळायला त्राण उरत नसे. तो वेळ राखून ठेवला नाही याचं वाईट वाटतं, असं तो म्हणतो. त्यापुढचं आयुष्य माहीत असलं की हे वाक्य वाचवत नाही. 1850 मध्ये एक तान्ही मुलगी गेली. 1852 मध्ये केपटाउनहून त्याने बायकोमुलांना इंग्लंडच्या बोटीत बसवलं आणि तो आत, आणखी आत निघून गेला. मेरी 1862 मध्ये त्याला पुन्हा येऊन मिळाली आणि त्याच वर्षी झांबेझीकाठी शुपांगाला वारली. थोरला रॉबर्ट अमेरिकेतल्या यादवी युद्धात, खोट्या नावाने लष्करात भरती होऊन, 1864 मध्ये मेला. खेळायला वेळ न मिळालेली हीच ती मुलं.

आणि हाच लिव्हिंग्स्टन 1865च्या सप्टेंबरमध्ये मुंबईला आला, माणसं जमवायला शरणपूरला गेला. आदल्या वर्षी त्याने चुमा आणि वेकातानी ही दोन याओ मुलं मुंबईला मिशनरी डॉ. जॉन विल्सन यांच्याकडे शिकायला ठेवली होती. तीही आता बरोबर आली. 1866च्या जानेवारीत तो आफ्रिकेला निघाला तेव्हा त्याच्या तुकडीत नऊ नाशिककर होते. त्यांच्याबद्दल त्याने रोजनिशीत कुरकुर पुष्कळ केली, पण एडवर्ड गार्डनरसारखा नाशिककर शेवटपर्यंत राहिला. 1872 मध्ये मदतीला जी दुसरी तुकडी गेली, तिच्यात जेकब वेनराइट, मॅथ्यू वेलिंग्टन, कॅरस फरार असे आणखी सहा. 1 मे 1873 रोजी लिव्हिंग्स्टन वारल्यावर त्याचं हृदय चितांबो नावाच्या प्रमुखाच्या गावी झाडाखाली पुरलं, तेव्हा अंत्यविधीची प्रार्थना जेकबने म्हटली आणि झाडाच्या सालीवर मजकूर कोरला. नाशिकच्या रविवारांनी पाठ करून घेतलेला तो विधी होता.

पण ही सगळी मंडळी वाटेवरची. घर करून राहिलेल्यांची कथा सुरू होते ती रबईला. मोंबासापासून काही कोसांवर, टेकडीवरचं हे ठाणं जर्मन मिशनरी लुडविग क्राफ याने 1846 मध्ये उभं केलं. त्यासाठी त्याच्या कुटुंबाने आधीच किंमत मोजली होती. इथिओपियाच्या रानात एक मुलगी जन्मताच गेली. 1844च्या जुलैमध्ये, मोंबासाला पोचून काही आठवडेच झाले असताना, बायको रोझिना बाळंतपणानंतर तापाने गेली आणि तिच्यामागोमाग तान्हुलीही. दोघींना समोरच्या किनाऱ्यावर पुरलं. रबईच्या जवळच रिबेला मेथडिस्ट मिशनचे थॉमस वेकफिल्ड राहत. त्यांची पत्नी रिबेका 1873 मध्ये तिथेच वारली. त्या किनाऱ्यावर युरोपीय कुटुंब आणि दीर्घ वास्तव्य हे गणित जमतच नव्हतं. क्राफचा सहकारी रेबमन मात्र, हळूहळू अंध होत, रबईत टिकून होता.

त्याच्या मदतीला 1864 मध्ये नाशिकहून तिघांना धाडलं गेलं: जॉर्ज डेव्हिड, विल्यम जोन्स आणि इश्माएल सेमलर. सोसायटीचा हिशेब सरळ होता. हे आफ्रिकी आहेत, यांना हवा मानवेल. हिशेबात धरलं गेलं नाही ते एवढंच की बालपणीच आफ्रिका सुटलेल्या या माणसांना मोंबासाचा किनारा बराचसा परकाच होता. त्यांचा जन्म आतल्या मुलखातला; इथली स्वाहिली त्यांना नव्याने शिकायची. रबईच्या गावकऱ्यांच्या लेखी कोट घालणारे, इंग्रजी बोलणारे हे लोक आपले नव्हते, आणि युरोपीय मिशनऱ्यांच्या लेखी ते बरोबरीचे नव्हते. त्यांना सगळे ‘बॉम्बे आफ्रिकन’ म्हणू लागले.

मग फ्रीअर पुन्हा कथेत येतात. गव्हर्नरपद सोडल्यावर 1872च्या अखेरीस ब्रिटिश सरकारने त्यांना झांजिबारला, गुलामव्यापार थांबवण्याचा करार करायला पाठवलं. सुलतान बरगशने त्यांना दाद दिली नाही. ते परतल्यावर 1873च्या जूनमध्ये तिथले ब्रिटिश प्रतिनिधी जॉन कर्क यांच्या दडपणाखाली सही झाली. पण परतताना फ्रीअर एक सूचना देऊन गेले. सुटलेल्या गुलामांसाठी मोंबासाजवळ वस्ती करा, आणि ती चालवायला नाशिकची माणसं न्या. नाशिकचे प्राइस 1874च्या अखेरीस मोंबासाला पोचले, 1875 मध्ये जमीन घेऊन फ्रीअरटाउन वसलं आणि आरमाराने सोडवलेले दोनशेहून अधिक लोक त्याच वर्षी तिथे उतरले. त्यांना सांभाळायला, शिकवायला, गवंडीकाम-सुतारकाम दाखवायला दीडशेच्या आसपास बॉम्बे आफ्रिकन. शरणपूरचं आफ्रिकी आश्रयस्थान याच सुमारास बंद झालं. ते जणू मोंबासालाच हललं.

फ्रीअरटाउनमधला रविवार समजून घ्यायचा तर शेजारी पाहावं लागतं. खाडीपलीकडचं मोंबासा मुस्लिम. तिथला आठवडा शुक्रवारभोवती फिरे. खाडीच्या अलीकडे घंटा वाजे ती रविवारी. घंटा इतर वेळीही वाजे, गुलाम पकडणारे येताना दिसले तर सावध करायलाही. अशा ठिकाणी रविवार पाळणं ही निव्वळ धार्मिक बाब उरत नाही. आज शेतावर जायचं नाही, आपल्याला कुणी हुकूम करणार नाही, हे कालपर्यंत गुलाम असलेल्या माणसाला दर सात दिवसांनी नव्याने कळायचं.

शिकवणाऱ्या कुटुंबांसाठी मात्र हा सुट्टीचा दिवस मुळीच नव्हता. अँग्लिकन उपासनेचा साचा सगळीकडे एकच: सकाळची प्रार्थना, वाचनं, गीतं, उपदेश, लहानांचा वर्ग, संध्याकाळची प्रार्थना. वडील उपदेशक असतील तर सकाळपासून घराबाहेर. पाळकाच्या घरात वाढलेल्या कुणाही मराठी ख्रिस्ती माणसाला हे सांगायला नको: रविवारी वडील सगळ्या गावाचे असतात, आणि मुलांनी पहिल्या ओळीत बसून, न चुळबुळता, सगळ्यांना दिसेल असं वागायचं असतं. इथे तर घराच्या उंबऱ्यातच तीन-तीन भाषांची ये-जा. आईबापांची इंग्रजी आणि हिंदुस्थानी, उपासनेची स्वाहिली, अंगणात खेळायला येणाऱ्या पोरांची आणखी वेगळी बोली. मुलं यांतली कुठली प्रथम उचलत असतील हे ओळखायला भाषातज्ज्ञ लागत नाही. जी खेळायला उपयोगी तीच.

सगळं गोजिरवाणं होतं असं समजू नये. 1880च्या सुमारास फ्रीअरटाउनच्या व्यवस्थापकाने रहिवाशांना फटके मारल्याची प्रकरणं बाहेर आली, आणि चौकशीला प्राइस यांनाच परत पाठवावं लागलं. बॉम्बे आफ्रिकनांची पगाराबद्दलची, वागणुकीबद्दलची तक्रार कायमची होती. उपदेश बरोबरीचा, पगारपत्रक वेगवेगळं. ज्यांच्या जिवावर शाळा आणि उपासना चालत होत्या त्यांना धर्मदीक्षा द्यायलाही वीस वर्षं गेली. जॉर्ज डेव्हिड तोवर, 1884 मध्ये, वारला होता. जोन्स आणि सेमलर यांना 1885 मध्ये बिशप जेम्स हॅनिंग्टन यांनी डीकन केलं, आणि पूर्ण पाळकपद मिळायला 1895 उजाडलं.

यांतल्या विल्यम जोन्सवर स्वतंत्र पुस्तक व्हायला हवं. 1885 मध्ये हॅनिंग्टन युगांडाकडे निघाले तेव्हा काफिल्यात जोन्स होता. ऑक्टोबरच्या अखेरीस बुसोगात हॅनिंग्टन मारले गेले. मागे थांबलेल्या जोन्सने उरलेली माणसं गोळा केली आणि शेकडो मैल चालवत 1886च्या सुरुवातीला रबईला परत आणली. सर्वांत पुढे निळं निशाण, त्यावर पांढऱ्या अक्षरांत बायबलमधला एकच शब्द: ईखाबोद, म्हणजे वैभव गेलं. निशाण दिसताच रबईने काय ते ओळखलं.

जोन्सच्या रबईतल्या उपासनेला बसणाऱ्यांत पळून आलेले गुलाम मोठ्या संख्येने होते. किनाऱ्यावरच्या मळ्यांतून सुटून ते टेकडीवर येत, झोपडी बांधत, शेत करत, मुलांना शाळेत घालत, रविवारी येऊन बसत. मिशनचा अधिकृत नियम पळालेल्यांना आसरा न देण्याचा होता. टेकडीवर तो कसोशीने पाळला जात नव्हता हे उघड आहे. 1888 मध्ये मालकांनी आपली माणसं परत मागितली आणि प्रकरण हातघाईवर येऊ लागलं. मोजणी झाली तेव्हा मिशनच्या ठाण्यांवर असे सुमारे चौदाशे लोक निघाले. ब्रिटिश ईस्ट आफ्रिका कंपनीचे जॉर्ज मॅकेंझी यांनी मालकांना माणशी भरपाई देऊन तंटा मिटवला. 1 जानेवारी 1889 रोजी रबईत मुक्ततेचे कागद वाटले गेले. नाशिकला लहानपणी मुक्त होऊन वाढलेला जोन्स या वस्तीचा प्रमुख होता.

पुढची पिढी किनाऱ्यावरच रुजली. इंग्रजी येत असल्यामुळे मिशनच्या मुलांना कारकून, दुभाषे, शिक्षक म्हणून कामं मिळत गेली. फ्रीअरटाउनमध्ये वाढलेला जेम्स एमबोटेला हा सुटका झालेल्या एका गुलामाचा मुलगा. त्याने 1934 मध्ये या वस्तीची हकिगत स्वाहिलीत पुस्तकरूपाने छापली, आणि घरात ऐकलेल्या गोष्टी पहिल्यांदाच घरातल्या माणसाने लिहिल्या. पुढल्या वर्षी मॅथ्यू वेलिंग्टन मोंबासात वारला, लिव्हिंग्स्टनचा देह किनाऱ्यापर्यंत आणणाऱ्या नाशिककरांपैकी शेवटचा. रबईतलं क्राफच्या काळातलं पहिलं प्रार्थनाघर आता केनियाचं संग्रहालय आहे. शेजारच्या संत पौलाच्या चर्चमध्ये दर रविवारी उपासना होते, आणि शब्बाथशाळेची पोरं अजूनही पहिल्या ओळीत चुळबुळतात.